ण चुकवत टाकळीभानला

“पुराणिक सर, हात पुढं करा. हे तुमचं हँडल. हे वळत नाही, नुसतं धरायचं,” मुथा काका म्हणाले. माझ्या हातातला हवेचा पंप तिथंच खाली पडला.

तोपर्यंत मी मागच्या चाकाशी वाकून बसलो होतो. मला फक्त बूट दिसले होते. पांढरे, नवेकोरे, नाड्या दुसऱ्या कुणीतरी बांधलेल्या. मग वर बघितलं. काळा चष्मा. केस पांढरे झालेले, गाल बसलेले. पण मान तशीच होती. थोडी उजवीकडं कललेली. फळ्याकडं पाठ करून वर्गाकडं बघताना असायची तशी.

पुराणिक सर. नववी ब. मराठी.

“आणि हा तुमचा ड्रायव्हर,” काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “आमचा पाना. ही जोडसायकल यानंच बनवली. दोन जुन्या सायकली कापल्या, एक केली. यूट्यूबवर बघून!”

“पाना?” सर म्हणाले. “नटबोल्टचा पाना?”

“तोच. कायम खिशात असतो त्याच्या. खरं नाव आता त्याला तरी आठवतंय का, देव जाणे.”

सगळे हसले. मी पण हसलो. आवाज न काढता.

चार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी तेवीसचा होतो, श्रीरामपूरला रेल्वे लाईनच्या पलीकडं माझं सायकल रिपेरिंगचं दुकान होतं. अजून आहे. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही वीस-बावीस जण सायकली घेऊन जमायचो. मुथा काकांचं साड्यांचं दुकान, ते आमचे कॅप्टन. डॉक्टरनं चालायला सांगितलं तर यांनी सायकल घेतली आणि शुगर उतरली. ही शुगरची गोष्ट त्यांनी साडी घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलेली आहे. भालेराव वकील मॅडम होत्या. एसटी वर्कशॉपमधले शेख मामा होते. दोन नर्स, एक पोस्टमन, एक बँकवाले. एरवी हे लोक एकमेकांच्या दारात कधी गेले नसते. आता भालेराव मॅडमच्या आईला रक्त लागलं की शेख मामाच पहिले धावायचे.

मला काय मिळालं? गिऱ्हाईक मिळालं, ते सोडा. पाना आल्याशिवाय हे लोक निघत नसत. वीस माणसं माझ्यासाठी रस्त्यावर थांबायची. असं माझ्यासाठी आधी कुणी थांबलं नव्हतं.

ग्रुपचे नियम दोनच. पहिला, सगळ्यात हळू सायकल सगळ्यात पुढं, म्हणजे कुणी मागं सुटत नाही. दुसरा, पुढचा जे ओरडेल ते प्रत्येकानं आपल्या मागच्याला द्यायचं. जसं ऐकलं तसं. खड्डा तर खड्डा. आपली अक्कल घालायची नाही. एकदा पुढून “कुत्रं!” आलं. शेख मामांनी मागं दिलं, “कुत्र्याची पिल्लं आहेत, फार गोड आहेत!” मागचे दोघं पिल्लं बघायला थांबले आणि एकमेकांवर आदळले. तेव्हापासून नियम कडक.

जोडसायकलची कल्पना काकांची. मेन रोडवर एका गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ बसायचे. त्यांना काचबिंदू झालेला, दोन वर्षांपासून काहीच दिसत नव्हतं. पण दर रविवारी आम्ही खालून गेलो की ते घंट्या मोजायचे आणि वरून ओरडायचे, “आज अठराच?” काका त्यांना गॅलरीवाले काका म्हणायचे. मी त्यांना कधी नीट बघितलं नव्हतं, मी सायकलीकडं बघत असतो. त्या गॅलरीवाल्या काकांसाठी मी दोन महिने वेल्डिंग केलं. खरं सांगतो, आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नव्हतं. भालेराव मॅडमच्या डोळ्यांवर ओढणी बांधून, त्यांना मागं बसवून ट्रायल पण घेतली.

आणि ते गॅलरीवाले काका हे निघाले.

त्यांची मुलगी स्कूटी घेऊन आली होती, रेवती ताई. तिनं मला बाजूला घेतलं.

“दादा, एक सांगते. मी नको म्हणत होते. दोन महिने बाबांनी घर डोक्यावर घेतलं म्हणून हो म्हटलं. पण एकदाच. मी मागे स्कूटीवर असणार. काही झालं तर हा विषय कायमचा बंद. त्यांनाही सांगितलंय, तुम्हालाही सांगते.”

मी नुसती मान हलवली. तोंड उघडलं नाही.

का उघडलं नाही, ते सांगतो.

मला ण येत नाही. लिहिता येतो. हा बघा, ण. कीबोर्डवर त्याला स्वतःची जागा आहे, बोट लावलं की उमटतो. जीभ लावून उमटत नाही. आमच्या घरात कुणाचाच उमटत नाही. आई पानी म्हणते, आजोबा पानी म्हणायचे, आमच्या अख्ख्या गल्लीची तहान पान्यानंच भागते. आणि माझं नाव श्रावण. म्हणजे मी स्वतःचं नावसुद्धा चुकीचं सांगतो.

नववीच्या पहिल्या दिवशी सरांनी नाव विचारलं. मी म्हटलं, श्रावन खरात.

“श्रावन? हा कुठल्या वर्षातला महिना?”

वर्ग हसला. मग ते रोजचं झालं. सरांनी माझ्यासाठी एक वाक्य तयार केलं होतं. बाकावर उभं राहून म्हणायचं. राणीने कोणाला पाणी आणि लोणी आणून दिले? मी म्हणायचो, रानीने कोनाला पानी आनि लोनी आनून दिले. माझं झालं की अख्खा वर्ग तेच माझ्यासारखं म्हणायचा. पन्नास पोरं, एका सुरात. सर हसायचे नाहीत, हे सांगायला पाहिजे. पण थांबवायचे पण नाहीत. खडूनं टेबलावर ठेका धरायचे आणि म्हणायचे, “पुन्हा.” दिवाळीपर्यंत माझं नाव लोनी पडलं. डिसेंबरात एक दिवस मी शाळेचं गेट आलं तरी ब्रेक मारला नाही. सरळ पुढं गेलो, एका सायकल दुकानात जाऊन बसलो. परत गेलोच नाही.

ती गोष्ट नऊ वर्षं मागं पडली होती. आता ते माझ्या मागं बसणार होते.

एक ण ऐकला की ओळखतील, असं मला वाटत होतं. ओळखलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. आज कळतं. पण त्या सकाळी तिथं वीस माणसं होती आणि त्या वीस माणसांत मी पाना होतो. लोनी नव्हतो. दुसरं काय होतं माझ्याकडं?

नाही म्हणायची सोय नव्हती. ही सायकल दुसऱ्या कुणाला सांभाळता येत नव्हती. सर बसले पण होते. दोन्ही हातांनी हँडल धरून, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखे ताठ.

“एकच लक्षात ठेव,” काका मला म्हणाले. “तू बोलत राहायचं. तुझं तोंड म्हणजे त्यांचे डोळे.”

मी पेडलवर पाय ठेवला.

जोडसायकल कधी चालवली नसेल तर सांगतो. दोघांचे पेडल एकाच चेननं बांधलेले असतात. मागच्याचा पाय थांबला की तुमचा थांबतो. त्यानं जोर लावला की तुमचे पाय आपोआप फिरतात. त्याचा श्वास तुमच्या मानेवर. मागं वळून बघता येत नाही, उतरता येत नाही, गप्प पण बसता येत नाही.

“उजवीकडं घेतोय,” मी म्हणालो. वळण म्हणालो नाही.

“उजवीकडं घेतोय!” सर ओरडले.

“उजवीकडं घेतोय!” मागून काका, मग मॅडम, मग सगळे.

गाव संपलं. नेवासा रोड लागला. टाकळीभानला जाऊन परत यायचं होतं. समोर सूर्य.

“काय दिसतंय?” सरांनी विचारलं.

“ऊस.”

“आणि?”

“अजून ऊस.”

ते हसले. ते हसू मी शाळेत कधी ऐकलं नव्हतं. “डाव्या हाताला?”

“पाट. काठावर बगळे बसलेत. पाच. नाही, सहा.”

“पाटाला पाणी सोडलंय?”

“सोडलंय. भरून वाहतोय.”

“शेतात कोणी?”

“एक बाई. डोक्यावर गवताचा भारा. मागं दोन शेळ्या.”

प्रत्येक वाक्य मी आधी डोक्यात तपासून घ्यायचो आणि मग बाहेर सोडायचो. मराठीत ण किती आहे हे मला त्या दिवशी कळलं. पण, आणि, कोण, आपण, म्हणून, कारण. माणूससुद्धा. ण काढला तर मराठीत माणूस उरत नाही.

“तू कुठला रे?”

“इथलाच. लाईनच्या पलीकडं.”

“घरी कोण कोण?”

“आई. मोठा भाऊ. वहिनी.”

मला एक बहीण पण आहे. माझ्यापेक्षा धाकटी, सुनीता. तिला मी घरातून काढून टाकलं.

“शाळा?”

“नववी.”

“पुढे का नाही?”

“परिस्थिती,” मी म्हणालो. फार उपयोगाचा शब्द आहे. सगळे वापरतात.

“परिस्थिती,” सर म्हणाले. त्यांनी हँडलवरची घंटी बोटानं चाचपली. “ऊन लागतंय का तुला? डोळ्यांवर असेल.”

“लागतंय. परंतु वारा आहे.”

“परंतु?” सर म्हणाले. “परंतु म्हणणारा सायकलवाला मी पहिल्यांदा ऐकतोय. पेपर वाचतोस का रोज?”

“कधीकधी. दुकानात येतो. मात्र सगळा वाचून होत नाही.”

“मात्र!” सर खूश झाले. “मुथा, तुमचा पाना फार छापील बोलतो हो!”

“आमच्याशी तर शिव्यांशिवाय बोलत नाही,” मागून काका ओरडले. “तुमचा मान ठेवतोय!”

माझ्या पाठीवरून घाम खाली उतरत होता. सकाळचे पावणेसात, थंडी होती.

मग ओढ्याचा पूल आला. त्याच्यावर चढ आहे. चढण म्हणालो नाही. “चढ आला, जोर लावा,” म्हणालो आणि सरांनी असा जोर लावला की माझेच पाय ओढले गेले. वर पोचलो. उतार लागला. मी ब्रेकवर बोटं ठेवली.

“सोड,” सर म्हणाले.

“वेग वाढेल.”

“वाढू दे. सोड रे!”

मी सोडला. सायकल सुटली. मागं सरांनी घंटी वाजवायला सुरुवात केली, ट्रिंग ट्रिंग ट्रिंग, उगाच, कुणी समोर नसताना. मागच्या वीस जणांनी पण वाजवायला सुरुवात केली. शेवटी रेवती ताईच्या स्कूटीचा हॉर्न.

उतार संपला तेव्हा सर धापा टाकत होते.

“आमची गॅलरी सतरा पावलं आहे,” ते म्हणाले. “सतरा जायचं, सतरा यायचं. दोन वर्षं. आज मी पहिल्यांदा अठरावं टाकलं.” मग म्हणाले, “पुन्हा आणशील ना मला? तू हो म्हण, रेवतीचं मी बघतो.”

हो म्हणायला ण लागत नाही. तरी मी म्हणालो नाही. पुन्हा? मला टाकळीभान कधी येतंय आणि हे कधी उतरतायत असं झालं होतं. अजून पाच किलोमीटर. मग तेवढंच परत.

आणि तिथं ते दिसलं.

पाटातून शेतात जाणारी चारी फुटली होती. रस्ताभर पाणी पसरलेलं, बऱ्याच दिवसांचं असावं. कडेनं हिरवं शेवाळ चमकत होतं. तीस-चाळीस हात लांब. भरपूर वेळ होता. एक शब्द ओरडला असता, सरांनी पाय थांबवले असते, सायकल आपोआप हळू झाली असती, काही झालं नसतं.

मी तो शब्द सोडून बाकीचे सगळे शोधले. माझ्या डोक्यात जल आलं. खरंच जल आलं! नीर आलं. चिखल म्हणावं, तर चिखल नव्हता. तोपर्यंत बोटांनी ब्रेक दाबला होता, पण मागं सर पूर्ण जोर लावत होते, त्यांना काय माहीत. माझे पाय थांबेनात.

“ओ… ओलं!” मी ओरडलो.

“काय?” सर म्हणाले, आणि आम्ही आडवे झालो.

पुढचं चाक गेलं, मग सगळंच गेलं. मी पाण्यात, सायकल माझ्या पायावर, सर चार हात पुढं पालथे. मागं किंचाळणारे ब्रेक. सरांचा चष्मा पाण्यात तरंगत होता. ते हातानं चाचपडत होते. चष्मा नाही, जमीन. आपण कुठं आहोत ते.

“बाबा!” रेवती ताई स्कूटी तशीच टाकून पळत आली.

कोपर सोलपटलं होतं. हनुवटीला खरचटलं होतं. हाडाला काही नव्हतं, आमच्या नर्सनं दाबून बघितलं. सगळ्यांनी मिळून त्यांना रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसवलं. भालेराव मॅडमनी बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली. नव्या बुटांतून पाणी गळत होतं.

“बास,” रेवती ताई म्हणाली. तिनं त्यांचा दंड धरला. “झालं आता. स्कूटीवर बसा, घरी चला. मी सांगितलं होतं, बाबा. एकदाच म्हटलं होतं.”

“अगं, पडलोय फक्त.”

“आज फक्त पडलात.”

काका माझ्याकडं आले. हळू आवाजात म्हणाले, “दिसलं नाही का रे?”

“ऊन डोळ्यावर आलं, काका,” मी म्हणालो. खोटं. आणि बघा, त्यातही ण नाही. सवय लागली होती.

सरांनी मान वळवली. आवाजाच्या दिशेनं, बरोबर माझ्याकडं.

“पानाला इकडे पाठवा,” ते म्हणाले. “बाकीचे जरा लांब व्हा. रेवती, तूसुद्धा. दोनच मिनिटं.”

मी जाऊन त्यांच्या समोर उभा राहिलो. हात मागं बांधले. का बांधले, माहीत नाही. बाकावर उभं राहताना बांधायचो तसे.

“तुला दिसलं होतं,” सर म्हणाले.

मी पाय पण जुळवले.

“ब्रेक आधी लागला. मग तू ओरडलास. मग पडलो. जे दिसलंच नाही, त्याच्यासाठी आधी कोणी ब्रेक लावत नाही. काय दिसलं होतं?”

“ओल.”

“ओल भिंतीला येते. रस्त्यावर काय होतं?”

वीस पावलांवर सगळे उभे होते. उसावर वारा सळसळत होता. माझ्या चपलेतून तेच गळत होतं. त्याला दुसरं नाव नव्हतं.

“पानी,” मी म्हणालो.

 सरांनी हळूच मान हलवली, आधीच माहीत असलेली गोष्ट ऐकल्यासारखी.

“अकरा किलोमीटर,” ते म्हणाले. “अकरा किलोमीटरमध्ये तू एकदाही ‘पण’ म्हणाला नाहीस. परंतु म्हणालास, मात्र म्हणालास. ‘आणि’ नाही. वळणं गेली, वळण म्हणाला नाहीस. आधी वाटलं, कीर्तनकाराचा मुलगा असेल.” ते थोडं हसले, हनुवटी दुखली असावी, लगेच थांबले. “पुलावर कळलं. चढ आला म्हणालास. इतकी मराठी कोणी उगाच चुकवत नाही रे. कोणीतरी चुकवायला लावलेली असते.”

मी त्यांच्या ओल्या बुटांकडं बघत होतो.

“बत्तीस वर्षं ण शिकवला मी. किती जणांना आला, माहीत नाही. चुकवायला मात्र चांगला आला, असं दिसतंय. तू त्यातला कोण?”

“श्रावन,” मी म्हणालो. “श्रावन खरात. नववी ब.”

ते आठवत राहिले. मी थांबलो. मला वाटलं आता म्हणतील, लोणी. राणीने कोणाला. माझ्या तोंडात ते सगळं वाक्य तयार होतं.

“मला आठवत नाही,” सर म्हणाले. “खोटं कशाला बोलू. फार होते.”

नऊ वर्षं. नऊ वर्षं मी या माणसाला पाठीवर घेऊन फिरत होतो आणि त्यांना मी आठवत नव्हतो. मला रडू यायला पाहिजे होतं. मला हसू आलं. खरंच आलं, नाकातून, विचित्र.

“पुलावर कळलं होतं,” मी म्हणालो, “तर तेव्हाच का नाही बोललात? मी बोललो असतो मग. पडलो नसतो आपन.”

सरांनी ओल्या बुटाची नाडी चाचपली.

“बोललो असतो तर तू सायकल थांबवली असतीस,” ते म्हणाले. “मला थांबायचं नव्हतं.”

बस. एवढंच. माफी वगैरे काही नाही. पण इतकं खरं मला आजवर कुठल्याच मास्तरनं सांगितलेलं नाही.

तिकडं रेवती ताईनं स्कूटी चालू केली होती. तिचा चेहरा बघून कळत होतं, सर आता उठतील, मागं बसतील आणि परत सतरा पावलं. जन्मभर. आणि ती बरोबरच होती. आंधळ्या माणसाला सायकलवर बसवलं, पडला. तिला एवढंच दिसत होतं. सर तिला काही सांगणार नव्हते, ते माझ्याकडून तोंड फिरवून बसले होते. माझ्यावर काही येऊ नये म्हणून असेल. किंवा थकले असतील.

मी तिच्याकडं गेलो. सगळे तिथंच उभे होते.

“ताई, ऊन नव्हतं डोळ्यावर. मला दिसलं होतं. मी बोललो नाही म्हनून सर पडले. त्यांची काही चूक नाही आनि सायकलची पन नाही.”

“दिसलं होतं? मग बोलला का नाहीत?”

“लाज वाटली.”

“लाज? कसली?”

“पानी म्हनायची.”

काका माझ्याकडं बघत होते, मॅडम माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता. आता हसतील.

“यात लाज काय?” शेख मामा म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. “पानीच तर आहे ते.”

भालेराव मॅडम हसल्या. मग काका. मग मला कळलं, ते शेख मामांना हसतायत. रेवती ताई मात्र हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग मोरीवर बसलेल्या बापाकडं बघितलं. बराच वेळ. त्याच बापाच्या हाताखाली ती पण मोठी झाली होती, तिला जास्त सांगावं लागलं नसावं.

तिनं स्कूटी बंद केली.

“मागे जा,” ती मला म्हणाली. “पुलापर्यंत. तिथून पुन्हा या. मी इथे, पाण्याच्या कडेला उभी राहते. हे नीट पार केलंत तर पुढचं बघू. नाही तर इथूनच घरी.”

“सगळ्यांनी?” काकांनी विचारलं.

“नियम आहे ना तुमचा. एकाच्या मागे एक.”

मी हँडल सरळ केलं. पुढचं चाक थोडं घासत होतं, पान्यानं ब्रेक सैल केला. सर चाचपडत आले, माझ्या खांद्याला धरून मागं बसले. त्यांचा ओला हात माझ्या शर्टावर उमटला. पुलापर्यंत गेलो. तिथं वळलो. मागं वीस जण रांगेत लागले, नेहमीसारखे. मला वाटतं, त्यांना काय चाललंय ते अर्धवटच कळलं होतं. तरी सगळे आले.

“तयार?” मी विचारलं.

“तयार.”

उतार. मग सपाट. मग उजव्या हाताला ती मोरी आणि मोरीशेजारी रेवती ताई, दोन्ही हात घट्ट बांधून. तिच्या पायाशी ते चमकत होतं.

 चाळीस हात. तीस.

“पुढं पानी!” मी ओरडलो. “पाय थांबवा! पानी!”

मागचे पेडल थांबले, माझे थांबले.  नियम होता, पुढचा ओरडला की मागच्यानं द्यायचं. माझ्या मागं ते होते. मी वाट बघत होतो. खडू टेबलावर कधी वाजतो त्याची. पुन्हा, कधी म्हणतात त्याची.

“पुढं पानी!” सर ओरडले. जसं ऐकलं तसं. “पाय थांबवा! पानी!”

“पानी!” मुथा काका.

“पानी!” भालेराव मॅडम.

“पानी! पानी!” शेख मामा, नर्सबाई, पोस्टमन, बँकवाले. वीस जण, एकामागून एक, लांबपर्यंत. सगळे माझ्यासारखं.

आम्ही त्यातून हळूहळू, सरळ गेलो. दोन्ही बाजूंना पाणी फुटत होतं. रेवती ताईच्या साडीवर शिंतोडे उडाले. ती मागं सरकली नाही. आम्ही पलीकडं निघालो तेव्हा तिनं हात सोडले आणि स्कूटीची किल्ली फिरवली. तोंड टाकळीभानकडं होतं.

थोडं पुढं गेल्यावर सरांनी विचारलं, “काय दिसतंय?”

“ऊस.”

“आणि?”

“आनि,” मी म्हणालो, “मला एक बहीन आहे, सर. मघाशी सांगायची राहिली.”